गोदाम वाढवा

आप्पा, तुमचा नातू आता चादरी विकतो, पण दुकान कुठं दिसत नाही. माणसं फोनवर चादर बघतात, हात न लावता घेतात आणि हात लावला की परत पाठवतात. मध्यंतरी एका लग्नघरानं गठ्ठाभर चादरी हळदीच्या डागांसकट परत पाठवल्या. कारण लिहिलं होतं, रंग आवडला नाही.

हा सगळा माल माधवनगरला एका गोदामात असतो. शेजारचं गोदाम रिकामं झालं आणि आमच्या स्वयंपाकघरात वाद पेटला. नातू म्हणे, दिवाळीचा माल ठेवायचा कुठं, तेही घेऊ. हिशेब त्याची बायको, माझी सूनबाई, बघते. ती पोळी लाटता लाटता विचारायची, "भाडं एक तारखेला जाणार, कुरिअरवाला पैसे देणार महिन्यानं. मधे काय चादरी खायच्या?" त्यावर नातू नुसता 'कॅश फ्लो जमेल, कॅश फ्लो जमेल' करायचा. आई म्हणाली, "ह्यो फ्लो कोण रं? त्येला जेवाय तरी बोलवा एकदा." मी हसले खरी, पण माझ्या निवृत्तीचे पैसे त्याच धंद्यात आहेत.

शेवटी ठरलं, आई सांगेल ते. तुमच्यामागं दुकान तिनंच सांभाळलं होतं. तिनं चहाची बशी खाली ठेवली. "मला इचारताय तर गोदाम वाढवा आता. लय झालं." नातू उठला तो चपला घालून गेलाच, आणि तासाभरात पेढे घेऊन आला.

"आज्जी, तू म्हणालीस तसं वाढवलं!"

"ब्येस झालं. कुलूप घातलंस न्हवं?"

"दोन्हीला घातलं!"

"दोन कुठली रं?"

आपल्या घरात दुकान 'बंद' कधी झालंच नाही. मी एकदा रस्त्यातूनच ओरडले होते, आप्पा, दुकान बंद करा, जेवायला चला. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला झापलंत, "बंद म्हणायचं न्हाई. वाढवलं म्हणायचं." बंगळुरात शिकलेल्या पोराला हे कोण सांगणार? सूनबाई आधी हसली, मग भाडं ऐकून रडली. आईनं दुसरा पेढा उचलला. "घेतलंय तर भरा आता," म्हणाली.

दोन्ही गोदामं भरली आहेत. पैसे वेळेवर येतील की नाही, देव जाणे. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि आईच्या हाती तर पडायलाच नको. आप्पा, ती काय म्हणाली ते मला तेव्हाच कळलं होतं. तो चपला घालत होता, एक हाक पुरली असती. पण लहानपणी तुम्ही रोज रात्री 'दुकान वाढवलं' म्हणत घरी यायचात, आणि मी सकाळी पळत बघायला जायचे. दुकान तेवढंच असायचं. मला एकदा तरी ते वाढलेलं बघायचं होतं.