कोंडलेली हवा

सौ. बाईसाहेबांना हात जोडून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. पाठ अजिबात दुखत नाही.

इथल्या नव्या इंजिनाने आठवडाभर छळलं. सिलिंडर गार पडू नये म्हणून त्याच्याभोवती एक आवरण असतं, त्यात वाफ खेळवतात. पण आमचा सिलिंडर एका टोकाला चटका देई, दुसऱ्या टोकाला गारढोण! साहेबांनी वाफ वाढवली, नळ बदलले, माझ्यावर ओरडून घेतलं. फरक शून्य.

परवा गार टोकावर हात ठेवला आणि तुझा आवाजच ऐकू आला. मी शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरलं की तू अकरा वर्षं ओरडतेस, "अहो, बूच लावायच्या आधी हवा काढा!"

मी आवरणाच्या त्या टोकाला छोटी तोटी बसवली. फुस्सकन कोंडलेली हवा गेली, मागोमाग वाफ आली, सिलिंडर सगळीकडून तापला.

साहेब म्हणाले, "सुचलं कसं?"

म्हटलं, "अनुभव."

आईचा खोकला थांबला का? धाकटी शाळेत रडत नाही ना?

काल पिशवीतली हवा काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा पाठ पुरती शेकली गेली. एवढं मात्र आईला वाचून दाखवू नकोस. लग्नाआधी तीही हेच ओरडायची.

तुझाच,
शहाणा