सुऱ्याने टाकलेला फोटो

रविवार, २० मे २००७, बडोदा

पण सुऱ्याने तो फोटो टाकलाच कशाला? हट्ट आमचाच म्हणा. पोलादपूरची आम्ही पोरं कामासाठी पांगलेली, नेटवरच्या कम्युनिटीवर भेटतो. गावात उरलाय एकटा सुऱ्या. गावचा फोटो टाक म्हणून सगळ्यांनी त्याचं डोकं खाल्लं. आज त्याने आंबेनळी घाटात करवंदं विकणाऱ्या बाईचा टाकला. पदराने तोंड अर्धं झाकलेलं, बांगड्या पार कोपरापर्यंत घसरलेल्या.

मन्याने लिहिलं, "आज्जे, दहाला किती गो?"

मी लिहिलं, "आजीच्या पदराला दगड बांधा रे, वाऱ्यानं उडून जाईल."

सुऱ्याचं उत्तर आलं, "येड्या, नीट बघ. तुझी आय हाय ती."

मी माझं पुसलं, पण वाचलं सगळ्यांनीच. तीन वर्षं गावी गेलो नाय, तेवढ्यात इतकी वाळली? त्या बांगड्या... फोनवर तर म्हणते, बरी हाय रे, पैसे पुरतात. स्वतःची आय ओळखली नाय, कसला मुलगा मी?

शेठ रजा देत नाय. उद्या पगारातून उचल घेऊन मनीऑर्डर करतो. खाली लिहीन, आये, घाटात उन्हात बसू नको. एक हजार रुपये.