हजेरीत नसलेली नात

बाबा, तुमच्या नातीचं नाव मी शाळेतून काढलं. दोन वर्षं होतील आता.

तुम्ही बुटीबोरीकडच्या शाळेत मास्तर होतात. जून लागला की कामगारांच्या खोल्याखोल्यांतून पोरं गोळा करत फिरायचात. एकदा मीही सोबत होते. एक बाई दार अडवून उभी, मागे तिची मुलगी. "घरीच शिकून राहिली ना गुर्जी. सैपाक, लहान्याले सांभाळणं." तुम्ही तिच्या उंबऱ्यावरच बसलात. "हजेरीतून नाव गेलं का पोरगी गेली वं बाई. मंग तिले कोणी विचारत नाही." दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात होती. आपल्या घरात शाळेत गेलेले पहिले तुम्ही, आणि शाळा सोडवणारी पहिली मी.

तुमची नात बोलताना अडखळते. वर्गात तिला उभं करून वाचायला लावायचे, मुलं हसायची. सकाळी गणवेश घातला की ती ओकायची. मी मुख्याध्यापकांना भेटले, विनवलं, आणि शेवटी दाखलाच मागितला. घरी शिकवायला कायद्याची बंदी नाही म्हणतात, पण परवानगी आहे असं लिहूनही कोणी देत नाही. म्हणून मीच रोज टिपून ठेवते, काय वाचलं, कुठली गणितं चुकली. तिचे पेपर तारीख टाकून फाईलला लावते, आणि लावताना उंबऱ्यावरचे तुम्ही आठवता.

मागच्या आठवड्यात आम्ही मुक्त शाळेच्या केंद्रावर दहावीसाठी नाव नोंदवायला गेलो. टेबलामागच्या बाईंनी मला विचारलं, "दोन वर्षांपासून कुठं शिकून राहिली ही?" मी घाईघाईनं फाईल उघडायला लागले, तर पोरगीच बोलली. "घ... घरी. आईजवळ." मग विषयही तिनंच सांगितले, एकेक, अडखळत. बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. जुना दाखला, जन्मदाखला आणि ती घरी शिकल्याचं आमचं लेखी निवेदन, एवढ्यावर काम झालं. फाईल कोणी पाहिलीच नाही. बाहेर आल्यावर ती उसाचा रस मागत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

हे लिहिलेलं कपाटात राहील. मला तुमची माफी मागायची होती, पण ते जमत नाही. कारण तुम्ही असतात तर मी तिचं नाव काढलंच नसतं, बाबा. तुमच्या धाकानं तिला रोज ओकत शाळेत पाठवलं असतं. तुम्ही नाहीत, म्हणून जमलं मला.