देठ कापलेली पानं

ता. ३ ऑगस्ट

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

मामंजींच्या पायाचं प्लास्टर निघून सात आठवडे झाले. हाड जुळलंय असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात, पण मामंजी पाय टेकवायला तयार नाहीत. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही माझ्या नाहीतर ह्यांच्या खांद्यावर भार टाकून. ‘तुम्ही जिना चढायला लागलात की वन्सं तुम्हाला कायमचं त्यांच्याकडे नेणार आहेत,’ असं मी त्यांना रोज सांगते. म्हटलं तेवढाच हुरूप येईल. तर भिंतीकडे तोंड करून झोपतात.

दुसरं म्हणजे, आमच्या घरात कुणीतरी काहीतरी करतंय. हसू नका. हॉलमधल्या मामंजींच्या माशांच्या टाकीतल्या निळ्या गुरामींचे पंख झडायला लागले होते. दोन मासे गेले. मी पाणी बदललं, मीठ घातलं, सगळं झालं. मंगळवारी ऑफिसातून आले तर पाण्यावर हे एवढं मोठं वाळकं पान! मी काढून फेकलं. गुरुवारी पुन्हा दोन, आणि पाणी कोऱ्या चहासारखं. हे म्हणतात वाऱ्याने आलं असेल. वारा काय टाकीचं झाकण उघडून आत येतो?

माझा संशय खालच्या शिंप्यावर आहे. टाकीच्या पंपाची घरघर होते म्हणून त्याने मागे तक्रार केली होती, आणि जंगली बदामाचं झाड त्याच्याच दुकानामागे आहे. बाई दुपारी मामंजींना जेवण देऊन जाते ती नुसतं दार लोटून. मामंजींना विचारलं तर म्हणे डोळा लागला होता, काही ऐकलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

मुलांना गोड पापा. आहे तो जिव्हाळा राहू द्या.

तुमची वहिनी


ता. ११ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले नाही, उलट काळजीच वाटली. राग मानू नका, पण स्पष्टच विचारते. बाबांना चालवायचा प्रयत्न तुम्ही दोघं खरंच करता का? दादाचा आळस मला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि तुम्ही दिवसभर ऑफिसात. सात आठवडे हाड जुळलेलं आणि माणूस पलंगावर, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

इथे माझी सगळी तयारी झाली आहे. तिसरा मजला आहे, म्हणून सुताराकडून जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घेतला. खिडकीजवळची खोली रिकामी केली. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहायला येतील याची मी चार वर्षं वाट बघतेय. तुम्हाला त्यांचा कंटाळा आला असेल असं म्हणत नाही, पण मला त्यांच्या सहवासाची भूक आहे, हे समजून घ्या.

पानांचं मात्र नीट बघा. फेकू नका. हिरवी आहेत की तपकिरी? धुतलेली वाटतात का? शिंप्याला मासे मारायचेच असते तर त्याने फिनेल ओतलं असतं, पानं कशाला वेचली असती?

दादाला माझा रागाचा नमस्कार सांगा. तुमच्यावर माया आहेच.

तुमची वन्सं


ता. २० ऑगस्ट

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

आळसाचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दोन दिवस पहाटे उठून वडिलांना चालवायला गेले. मामंजी पाऊल टेकवताच असे कळवळले की ह्यांनीच घाबरून परत झोपवलं. तेव्हा आमच्या नावाने बोटं मोडू नका.

आता पानं. सगळी तपकिरी, झाडावरून गळालेली. एकाचाही देठ अख्खा नाही, कात्रीने पानालगत तिरका कापलेला. मातीचा कण नाही. गरम पाण्यात भिजवलेली असावीत, कारण तरंगत नाहीत, तळाशी जाऊन बसतात. जुनं पान जाळीदार झालं की ते गायब, आणि नवं हजर! शिंप्याला जाऊन विचारलं, तर त्याने माझा ब्लाउज हुक न लावताच परत पाठवला. बाईला विचारलं, ती काम सोडायला निघाली. काल तर मी ह्यांचे खिसेही तपासले. चोर चोरी करतो आणि वर माशांची सेवाही, असा चोर मी जन्मात पाहिला नाही.

कारण खरं सांगू का, मासे सुधारतायत. मोठ्याच्या पंखांना नवी पारदर्शक कड आली आहे. मामंजींना सांगितलं तर एवढे खूश झाले. मात्र हल्ली गरम पाणी फार पितात, थर्मास दुपारपर्यंत रिकामा असतो. डॉक्टरांना विचारीन म्हणते.

रागावला असलात तरी पत्र पाठवा.

तुमची वहिनी


ता. २६ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मला स्वतंत्र पत्र आलं. पाय कसा आहे ते खरं खरं सांगा, असं लिहितेस. बापाला कोर्टात उभं केल्यासारखं काय विचारतेस? पाय जसाच्या तसा आहे. तीन मजले या जन्मी जमतील असं वाटत नाही. तू उगीच सुताराला पैसे दिलेस.

मासे बरे आहेत. पान म्हणजे काही संजीवनी नव्हे, पण त्याने पाणी जरा नरमतं, बुरशी हटते, आणि घाबरलेल्या माशाला खाली दडायला जागा मिळते. जो कोणी टाकतोय तो जाणकार दिसतो. तुझी वहिनी मात्र सगळ्या आळीवर पहारा ठेवून बसली आहे. पोर भली आहे, आरडाओरडा जास्त इतकंच.

नातवंडांना आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

बाबा


ता. २ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लहानपणी शाळेच्या मैदानावरून आपण दोघं बदामाची पानं वेचायचो. मी एकदा हिरवं तोडलं तेव्हा तुम्ही चापट दिली होतीत. देठाचं टोक माशाला बोचेल म्हणून तो पानालगत तिरका कापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. वहिनींना तो सापडत नाही, कारण तो चालू शकत नाही असं त्या धरून बसल्या आहेत.

पलंगापासून त्या झाडापर्यंत अठरा पायऱ्या आहेत, बाबा. उतरायला अठरा आणि चढायला अठरा.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आनंद झाला. मग तुम्ही का लपवताय ते कळलं आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले. माझ्याकडे येण्यापेक्षा तुम्हाला लंगडं राहणं बरं वाटलं. हे मला फार लागलं, आणि लागलं नाही असं मी लिहिणार नाही. तुम्ही तोंडाने नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, हेही खरं. म्हणूनच म्हणाला नाहीत ना?

त्या खोलीत आता धाकटीची अभ्यासाची टेबलखुर्ची मांडली. तुमचा पाय बरा झाला तरी मी तुम्हाला न्यायला येणार नाही. भेटायला येईन, चार दिवस राहीन आणि एकटी परत जाईन. हे मी मनापासून लिहितेय, पुन्हा शब्द फिरवणार नाही.

पण भर दुपारी, घरात कुणी नसताना तुम्ही भिंत धरून तो जिना उतरता, या विचाराने माझा हात जेवताना थांबतो. पुन्हा पडलात तर ओरडा ऐकायला शिंपीसुद्धा नसेल, तो जेवायला घरी जातो. वहिनींना मी काही कळवलेलं नाही, तुम्हीच सांगा. त्या दहा मिनिटं आरडाओरडा करतील.

मग संध्याकाळी त्या आल्या की त्यांचा हात धरून पानं आणायला जा.

तुमची,
ठकी