बाबांचा उजवा हात

नागपूर,
मंगळवार, दि. २० जानेवारी २०२६

चि. चंद्रभान यास,

अनेक आशीर्वाद. रविवार, दि. १८ जानेवारी रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मिहानजवळच्या तुझ्या नव्या ऑफिसात, तू सांगितलंस म्हणून मी काचेच्या पेटीवरचा पडदा बाजूला केला. आत आपले बाबा बंदूक घेऊन उभे होते.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, तक्रार लिहिताना आधी तारीख, मग वेळ, मग घडलेला प्रकार. विशेषणं शेवटी, जागा उरली तर. तसंच लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक. काटोलहून पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली. वरच्या थरातली चांगली होती.

आता प्रकार. एजी ऑफिसातून निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या आणि मी सैनिकांच्या प्रतिकृती करायला लागले. तुम्ही सगळे त्यांना ‘ताईचे बाहुले’ म्हणता. म्हणा. पहिले तीन-चार मी खोक्यातून आलेले जोडले आणि रंगवले. पण फौजेतल्या स्वयंपाक्याचं खोकं जगात कोणी विकत नाही, म्हणून बाबा मला मुळापासून करावे लागले. तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, ते घट्ट झालं की कोरायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. फूटभर उंचीच्या माणसाला दीड वर्ष लागलं. एप्रनच्या चुण्या फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेल्या टिश्यू पेपरच्या आहेत. चेहऱ्याला रंगाचे पातळ थर एकावर एक दिले, हनुवटीवर थोडा राखाडी, कारण बाबांची दाढी दुपारीच दिसायला लागायची. कपाळावर तेवढं चकचकीत वॉर्निश लावलं. भट्टीसमोर उभा असलेला माणूस कोरडा नसतो. आणि उजव्या हातात वरण ढवळायचा लांब दांड्याचा डाव. तांब्याची तार ठोकून केलेला.

दोन तारखेला तू आणि तुझा दुर्गेश माझ्याकडे आलात. तू म्हणालास, “ताई, बाबाले ऑफिसात ठेवतो. आत आलेल्या माणसाले पहिले तेच दिसले पाहिजेत.” मी माझ्या जुन्या साडीत गुंडाळून दिले. मी खूश झाले होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण जे घडलं ते सगळं लिहायचं ठरवलं आहे.

सोळा दिवसांत तुम्ही काय केलंत ते तुला माहीत आहे, तरी कागदावर असावं म्हणून लिहिते. कोपराच्या खाली करवत लावून हात कापला. त्या जागी बाजारातल्या खेळण्याचा, बंदूक धरलेला प्लास्टिकचा हात चिकटवला. तो हात गोऱ्या साहेबाचा आहे. बाकीचे बाबा वऱ्हाडी आहेत. एप्रनवर हिरवे-काळे ठिपके मारून त्याची वर्दी केली. खाली पितळी पाटी लावली: ‘सुभेदार गोपाळराव, १९७१च्या रणांगणातील वीर’. मेलेल्या माणसाला बढती देण्याचा अधिकार तुझ्या सिक्युरिटी एजन्सीकडे कधी आला, ते कळव.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चहाच्या वेळी मी दुर्गेशला बाजूला घेतलं. तो काही वाईट मुलगा नाही. त्याने मला नीट समजावून सांगितलं: “आत्या, आपण गार्ड पुरवतो. कंपनीवाला डाव पाहून म्हणन, केटरिंगबी करता का?” यावर त्याचे दोन मित्र हसले. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. मग तू आलास, आणि सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “काहून मनाले लावून राहिली ताई? लढाईत तर होतेच ना बाबा.”

होते. भट्टीपाशी होते. कामठीच्या घरी कोणी लढाईच्या गोष्टी विचारायला आलं की ते काय म्हणायचे, ते तू माझ्याइतकंच ऐकलं आहेस: “मले बंदूक काहून देतीन गा? देल्ली असती तर तिनंच वरण घोटलं असतं.” आणि मग आलेल्या माणसाला जेवायला बसवायचे. ते लाजत नव्हते, फुशारकीही मारत नव्हते. लाज त्यांच्यानंतर, तुझ्या ऑफिसच्या उद्घाटनाला, बाहेरून मागवण्यात आली.

तुझा धंदा मला कळतो. कंत्राटं मिळायला हवीत, पोरांचे पगार व्हायला हवेत. त्यासाठी भिंतीवर वाघ लाव, तोफ ठेव. बाबा कशाला?

पण मुद्दा हाताचा आहे.

चेहरा मी फोटोवरून केला. हाताचा फोटो कोणी काढत नाही. २०२४च्या दिवाळीत तू जेवायला आलास तेव्हा मी तुला पाटवडीचा रस्सा ढवळायला लावला होता, आठवतं? बराच वेळ. तू कुरकुरलास, “साठीनंतर स्वयंपाक शिकवून राहिली का मले?” मी रश्शाकडे बघत नव्हते. डाव धरताना तुझा अंगठा दांड्याच्या पाठीवर चढतो आणि मनगट बाहेर वळतं. बाबांचं तसंच वळायचं. तू गेल्यावर मी दिवाळीची भांडी तशीच ठेवली आणि करायला बसले.

तो हात तुझा आहे, चंद्रभान. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच गावभर दाखवत सुटला असतास.

निघताना मी सोनिकाला विचारलं, कापलेला तुकडा कुठे आहे. तुझी सून म्हणाली, असन दुर्गेशच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर झाडताना गेला असन. आणि तुम्ही दुसरा बनवा ना आत्या, तुमच्यासाठी काय कठीण आहे.

दुसरा होणार नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडला आहे. कडेचं दिसतं, समोरचं जातं. माणूस बोलत असला की त्याचे कान दिसतात, तोंड नाही. गेल्या पावसाळ्यात कळलं. तुला कळवलं असतं तर तू रोज गाडी पाठवली असतीस, आणि मला गाडी नको होती. तो हात मी पूर्ण नजरेने केलेलं शेवटचं काम आहे. रविवारी पेटीपाशी मी इतका वेळ वाकून उभी होते, ते म्हातारीला गहिवर आला म्हणून नव्हे. तुम्ही काय केलंत ते मी शोधत होते. हे पत्रही ओळीवर पट्टी ठेवून लिहिते आहे. अक्षर खाली घसरलं असेल तर त्याचा रागाशी संबंध नाही.

हात जोडणं मला चाचपून जमेल. एप्रनवरचे तुमचे ठिपके राहिले तरी चालतील, स्वयंपाक्याच्या एप्रनवर डाग असतातच. तेव्हा तो तुकडा, डावासकट, आणि बाबा, दोन्ही मला परत हवेत. ते जमत नसेल, बंदूकच हवी असेल, तर खालची पाटी काढ. मग तो कोणीही शिपाई असेल आणि माझं काही म्हणणं राहणार नाही.

सोमवारी, दोन फेब्रुवारीला, डोळ्यात पहिलं इंजेक्शन आहे. आहे तेवढं टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. त्यांच्या आवाजावरून मला तसं वाटलं नाही. म्हणून शनिवार, दि. ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझं लेखी उत्तर पोचलं पाहिजे. फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलतोस. दुर्गेशकडून टाइप करून घेऊ नकोस. हात टाकला गेला असेल तर टाकला गेला असंच लिही. काळ्या स्केचपेनने लिही, एका पानावर चार-पाच शब्द आले तरी चालतील. ते मला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझी ताई,
पुष्पलता