हात तिचे, गुडघे माझे

ता. ४ मार्च

ती. मामास थरथरत्या हातांनी सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आलंय ते बसच्या धक्क्यांनी. हात फक्त दवाखान्यात थरथरतो, आणि तोही ओळखीचा पेशंट खुर्चीत बसला की. अनोळखी माणसाची अक्कलदाढ मी गप्पा मारत काढते. काल मात्र शाळेतल्या माझ्या गणिताच्या बाई आल्या. त्यांच्या तोंडात आरसा घातला, तर तो दातांवर टकटक वाजायला लागला. बाईंनी आ वासूनच दाराकडे बोट केलं. त्यांना वाटलं, बाहेर कुणी आलंय! शेवटी मोठ्या डॉक्टरांना हाक मारावी लागली.

मोठे डॉक्टर आता निवृत्त व्हायचं म्हणतात. दवाखाना माझ्या हवाली करायची त्यांची फार इच्छा आहे, पण ऐनवेळी हाका मारणारीच्या हाती खुर्ची कशी देऊ, असं काल स्पष्टच म्हणाले. त्यात पुढच्या शुक्रवारी जेलरमावशी दाढ काढायला येतेय. काढीन तर भाचीकडूनच, असा तिचा हुकूम आहे. जिच्या नुसत्या खाकरण्याने आख्खं महिला कारागृह गप्प व्हायचं, तिच्या तोंडात मी हात घालायचा! मोठे डॉक्टर दारात उभे राहून बघणार आहेत. तेव्हा हात थरथरला तर मी हे काम सोडणार. कॉलेजात शिकवायची जागा चालून आलीये. तिथले दात प्लॅस्टरचे असतात आणि ते कुणाचे नातेवाईक नसतात.

वाद्य वाजवणारे लोक कार्यक्रमाआधी हात स्थिर राहावा म्हणून बीटा ब्लॉकरची गोळी घेतात म्हणे. मला पाठव ना. मावशीला मात्र चुकूनही सांगू नकोस.

लोभ आहेच, तो गोळ्यांसकट यावा.
तुझी भाची

ता. ७ मार्च

चि. दंतवैद्यबाईस अनेक आशीर्वाद.

गोळ्या म्हणजे काय पेपरमिंट आहेत, पाकिटात घालून पाठवायला? रविवारी ये. नाडी बघतो, रक्तदाब मोजतो, छाती ऐकतो. दमा असलेल्यांना ही गोळी चालत नाही. तुला नाही हे मला माहीत आहे, पण तपासल्याशिवाय मी कुणाला देत नाही. भाचीला तर मुळीच नाही.

आणि एक नीट समजून घे. या गोळीने छातीतली धडधड कमी होते, हाताची थरथर थांबते. भीती जात नाही. ती डोक्यात ठाण मांडून बसलेलीच असते, फक्त तिचे हुकूम हातापर्यंत पोचत नाहीत. तेव्हा गोळी गिळली की आपण शूर झालो, अशा भ्रमात राहू नकोस. आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच घेऊन बघ, चक्कर येते का ते. आणि ओळखीचा चेहरा दिसला की गोळी, असं सुरू केलंस तर मी सगळ्या परत घेईन.

मावशीला बोलणार नाही. तू जेवत नाहीस अशी तुझ्या आईची तक्रार आहे. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही.

मायेत कमी नाही, कळावे.
तुझा मामा

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. हे पत्र वाचून फाडून टाकणे. हुकूम समज.

मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटते. हसून घे एकदाचं. मागे एकदा आतल्या यंत्राची नुसती घरघर ऐकली आणि मी बाकावरून उठून थेट घर गाठलं. चपला तिथेच राहिल्या. बराकीत दंगा झाला तेव्हा मी एकटी आत शिरले, हे तू चारचौघांत रंगवून सांगतोस. पण त्या खुर्चीचं नाव काढलं की माझे गुडघे एकमेकांवर आपटतात.

दाढ कुणीही काढली असती रे. पण पोरगी काम सोडायचं म्हणतेय, असं तिच्या आईने सांगितलं. एवढं शिकून प्लॅस्टरच्या दातांशी खेळत बसणार? घरचं माणूस एकदा तिच्या हातून धड उठलं की तिची भीड चेपेल, म्हणून मी हट्ट धरला. आता मीच खुर्चीत लटपटले तर तिचा हात कसा टिकायचा? उद्या मी तुझ्याकडे येतेय. गुडघे गप्प बसतील असं काहीतरी दे. पोरीला कळता कामा नये.

तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच दरडावते.
तुझी ताई

ता. १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. हसलो नाही, म्हणजे आत्ता हसत नाहीये.

काल तपासून गोळी दिली, पण तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, म्हणून लिहितो. इंजेक्शनच्या आधी पोरीला गोळीचं सांगायचं. हिरडी बधिर करायच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा एक असं औषध असतं, की त्याचं आणि या गोळीचं पटत नाही. रक्तदाब भलताच चढू शकतो. तिला कळलं तर ती दुसरं इंजेक्शन वापरेल. लपवलंस तर धोका तुला, आणि जन्मभराचं खापर तिच्या डोक्यावर. सांगायचं नसेल तर गोळी घेऊच नकोस. मी तिला सांगू शकत नाही, पेशंटचं गुपित फोडायचं नाही हा आमचा नियम. सध्या तर माझ्या पोटात इतकी गुपितं झालीयेत की जेवायला जागा उरली नाही.

दटावणं चालू राहू दे, त्यात मला माया कळते.
तुझा धाकटा

ता. १५ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि. तू महाबिलंदर आहेस.

शुक्रवारी गोळी घेऊन दवाखान्यात गेले. हात असे स्थिर की सुईत दोरा ओवावा. डोकं मात्र भणभणत होतं. मावशी येऊन खुर्चीत बसली, गुडघासुद्धा हलेना. ही बाई खरंच कशालाच भीत नाही, असं मनात आलं आणि मी आणखीच घाबरले. मोठे डॉक्टर दारात उभे. मी नेहमीसारखं विचारलं, काही औषधं घेतलीयेत का? म्हणाली, छे! इंजेक्शन भरलं, तोंडाशी नेलं, तर तिने माझं मनगटच धरलं. जेलरची पकड ती! मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, तुम्ही बाहेर व्हा. आणि मामा, ते झाले! स्वतःच्या दवाखान्यातून!

मग भिंतीकडे बघत तिने सांगितलं, की भीती वाटते म्हणून गोळी घेतलीये. नाव सांगितलं, तर माझीच गोळी. मी इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि माझंही सांगून टाकलं. आधी दोघींनी मिळून तुझा उद्धार केला. मग हसता हसता मला रडूच फुटलं. म्हटलं, मावशी, तू आणि भीती? तर म्हणाली, अगं, नोकरीभर रोज भीत होते. फेरीला निघताना किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून धरायचे, नाहीतर हात थरथरून तो वाजला असता आणि आतल्या बायकांना कळलं असतं. ती आवळलेली मूठ मी लहानपणी कितीदा पाहिलीये! मला वाटायचं, मावशी चिडलीये.

मी तिचा रक्तदाब मोजला, इंजेक्शन बदललं, डॉक्टरांना बघायला आत बोलावलं. दाढ अख्खी निघाली. पुढे कधी गोळीविना हात थरथरला, तर पेशंटला सांगेन, जरा थांबा, आणि थांबून मीच काढेन. हाक मारणार नाही. कॉलेजला नकार कळवलाय. मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची दिली आणि, दाराबाहेरून गोळीचं सगळं ऐकलं असणार, वर हळूच तुझा पत्ता मागितला. निरोपाच्या समारंभात त्यांना भाषण करायचंय म्हणे.

असाच लबाड आणि प्रेमळ राहा.
तुझी भाची

ता. १६ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गाल सुजलाय, बोलता येत नाही, त्यामुळे शेजारी खूश आहेत. तू आम्हा दोघींना खेळवलंस, त्याचं काय ते भेटीत बघते.

गुडघे शहाण्यासारखे वागले. भीती मात्र होतीच. पण दाढ निघेपर्यंत मी डोळे मिटले नाहीत, पोरीकडे बघत होते. मास्कच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते, चांगलेच भेदरलेले. तरी काम चालू होतं. आमच्या खात्यात कशालाच न भिणाऱ्या शिपाई बायका पुष्कळ यायच्या. त्यांना मी फाटकावर ठेवायचे. आत, माणसांजवळ पाठवायचे ती हिच्यासारखीला.

हे तिला तिथेच सांगणार होते, पण तोंडात कापूस होता. तू सांग.

तुझी ताई