मोटारीचं प्रायश्चित्त

सोलापूर, बुधवार, जानेवारी १९२९

स्वदेशी मंडळाच्या बैठकीतून आत्ताच आलो. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे डॉक्टरांनी, अमेरिकन मोटार घेतली. त्यांना ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय.

मी ठणकावून सांगितलं, परकं धोतर घेतलं तर इथल्या मागवाल्यांच्या पोटावर पाय येतो. मोटार कोणत्या पेठेत विणतात? देशी मोटार निघेपर्यंत डॉक्टरांनी दुधनीच्या रोग्याकडे काय रांगत जायचं?

वाटलं, जिंकलो. तेवढ्यात उपाध्यक्ष तात्या उठले. "समुद्र वलांडून आलेल्या माणसाला प्रायश्चित्त देतो की आपण? मग मोटारीलाबी द्या. पंचगव्य शिंपडा, झाली शुद्ध!"

"आणि चाकांना?" मी विचारलं.

"चाकं रोजच शेणातनं जात्यात की, साहेब."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. आणि डॉक्टर? जंतू दिसत नसले तरी असतात, असं गावाला पटवणारा हा माणूस खुर्चीसाठी म्हणाला, "चालेल." पंचगव्याला चालेल!

शेवटी डॉक्टरांना ठेवायचं की काढायचं यावर हात वर झाले, दोन्हीकडे सारखेच. उरलो मी. डॉक्टरांच्या विरुद्ध हात वर केला. मोटारीसाठी नव्हे, त्या 'चालेल'साठी. चुकलो का? छे. मोटार घेण्यात लाज नव्हतीच, ती शुद्ध करून घेण्यात होती.

बाहेर डॉक्टर म्हणाले, "बसा, घरी सोडतो." बसलो. शुक्रवार पेठ आली. मी उतरताना ते म्हणाले, "ते पंचगव्य नको म्हणून कळवतो."

म्हटलं, "आत्ता तुम्ही अध्यक्ष शोभता, डॉक्टर. पण आता अध्यक्ष तात्या आहेत."